आरशातला हात, मनातला हात आणि 'तुलना कशाशी?' हा प्रश्न

महाबळेश्वरच्या बाजूला माझ्या मामांची थोडी स्ट्रॉबेरी आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, ऐन तोडणीच्या दिवसांत, मामांच्या अंगावरून वारं गेलं. आमच्याकडे पक्षाघाताला असंच म्हणतात. सकाळी उठले तर डावा हात उचलेना, तोंड एका बाजूला ओढलेलं. गाडीत घालून, घाट उतरून खाली मोठ्या दवाखान्यात नेलं. पंधरा दिवसांनी घरी आले तेव्हा बोलणं स्वच्छ होतं, काठी धरून चालत होते. पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा.

संक्रांतीला मी भेटायला गेले. तेव्हा माझी पीएच.डी. नुकतीच सुरू झाली होती. माझा विषय आहे माणूस हालचाल कशी शिकतो हा. मी डॉक्टर नाही आणि फिजिओथेरपिस्टही नाही, हे आधीच सांगते. पण त्याच आठवड्यात मी मिरर थेरपीवरच्या एका संशोधन-निबंधाचा सारांश वाचला होता. नुसता सारांश. तेवढ्यावर मी मामांना सांगून मोकळी झाले, "मामा, आरशाने हात सुधारतो. रीतसर चाचणी झालेली आहे."

मामी म्हणाली, "अगं, आरशात बघून कुठं हात हलतोय व्हय?"

पण वाईहून आरसा आला. मामांना तो आवडलाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले खांद्याचे आणि ताणण्याचे व्यायाम दुखायचे, आरशाचा व्यायाम दुखत नव्हता. मग हळूहळू दुखणारे व्यायाम मागे पडले आणि आरसा तेवढा राहिला. मार्चमध्ये खांदा इतका आखडला की शर्टाच्या बाहीत हात घालताना मामा ओरडायचे. फिजिओथेरपिस्ट बाई आल्या, त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आरसा चांगलाच आहे. पण तो जोडीला असतो, जागी नसतो."

घरी येऊन मी तो निबंध पहिल्यांदा पूर्ण वाचला. त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यात पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहिलेली होती. म्हणून आजचा लेख. मिरर थेरपी आणि मनातल्या मनात केलेला सराव या दोन उपचारांबद्दल आपल्याला काय माहीत आहे ते सांगते, आणि ते सांगताना असे निबंध कसे वाचायचे तेही बघू. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर दुसरा भाग जास्त उपयोगी पडेल.

आरसा ठेवतात कसा

रुग्ण टेबलाशी बसतो. आरसा त्याच्या छातीसमोर उभा ठेवायचा, असा की डावी-उजवी बाजू वेगळी पडेल. दुबळा हात आरशाच्या मागे, चांगला हात पुढे. रुग्ण चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघतो आणि ते नेमकं दुबळ्या हाताच्या जागी दिसतं. मग चांगल्या हाताने मूठ उघड-मीट, मनगट वर-खाली, तळवा उलटा-सुलटा, अंगठा एकेका बोटाला लावणं अशा हालचाली सावकाश करायच्या. त्याच वेळी मागचा हातही जमेल तितका सोबत हलवायचा प्रयत्न करायचा.

छोट्या गोष्टी महत्त्वाच्या असतात. मामांच्या उजव्या हातात तांब्याचं कडं आहे. ते काढल्याशिवाय प्रतिबिंबातला हात 'माझा डावा हात' वाटत नाही. घड्याळ, अंगठी, बांगड्या, सगळं उतरवायचं. दाढीचा आरसा चालत नाही, पूर्ण हात कोपरापर्यंत मावेल एवढा लागतो. एखाद्याला सुरुवातीला गरगरतं किंवा विचित्र वाटतं, म्हणून पहिली काही सत्रं जाणकाराच्या देखरेखीखाली व्हायला हवीत.

ही कल्पना आली कुठून

मूळ कल्पना पक्षाघातासाठी नव्हतीच. ज्यांचा हात कापावा लागला आहे अशा अनेकांना तो हात अजून आहे असं वाटत राहतं, कधी कधी तर त्या नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळली आहे आणि नखं रुतताहेत असंही वाटतं. तमिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत सॅन दिएगोला काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात अशा रुग्णांसमोर आरशाची पेटी ठेवली. चांगल्या हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसलं, आणि काहींना ती आवळलेली मूठ उघडल्यासारखी वाटली.

त्यामागचा तर्क असा. मेंदू हाताला हुकूम देतो आणि हात हलला याची खबर डोळ्यांकडून, सांध्यांकडून परत येते अशी वाट बघतो. खबर येतच नसेल तर मेंदू जणू 'हा हात हलत नाही' हेच शिकून बसतो. आरसा डोळ्यांपुरती ती खबर परत आणतो. पक्षाघातात हात जागेवर असतो, पण हुकूम आणि खबर यांची साखळी तुटलेली असते. मग तिथेही आरसा उपयोगी पडेल का?

१९९९ मध्ये एरिक आल्टशूलर, रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्ण फक्त ९. चार आठवडे आरसा, चार आठवडे पारदर्शक प्लास्टिक, कोणाला आधी काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. दिवसातून दोनदा १५ मिनिटं, आठवड्यातले सहा दिवस. आरशाच्या काळात सुधारणा जास्त दिसली.

नऊ रुग्णांवरून उपचार ठरत नाही. पण त्या पारदर्शक प्लास्टिककडे लक्ष द्या. ते का ठेवलं असेल?

तुलना कशाशी?

समजा तुम्ही दहा रुग्णांना महिनाभर आरसा दिला आणि त्यांचे हात सुधारले. हे आरशामुळे झालं का? निदान चार गोष्टी आडव्या येतात.

एक, झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आणि महिन्यांत बरीच सुधारणा आपोआप होते. दोन, रोज अर्धा तास कोणीतरी शेजारी बसलं, लक्ष दिलं, याचाही परिणाम होतो. तीन, आरशासमोर दोन्ही हात हलवताना मुळात व्यायाम वाढला. चार, नवीन उपचार आहे म्हटल्यावर आशा वाढते आणि माणूस मोजमापाच्या दिवशी जास्त जोर लावतो.

आरशाचा स्वतःचा परिणाम शोधायचा तर तुलनेच्या गटाला या चारही गोष्टी मिळाल्या पाहिजेत, फक्त प्रतिबिंब सोडून. प्लास्टिकचं काम तेच होतं. आता तीन प्रयोगांनी हे कसं केलं ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

आल्टशूलर यांच्याकडे आरशाच्या जागी पारदर्शक प्लास्टिक होतं. त्यातून पलीकडचा दुबळा हात जसा आहे तसा दिसतो.

तुर्कस्तानात गुनेश यावुझर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४० रुग्णांवर चाचणी प्रसिद्ध केली. तुलनेच्या गटाने तोच व्यायाम केला, पण आरशाची न चकाकणारी बाजू त्यांच्याकडे होती. रोज ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. आरसा-गटात हाताची हालचाल आणि स्वतःची कामं स्वतः करण्याची क्षमता जास्त सुधारली. स्नायूंच्या कडकपणात मात्र फरक पडला नाही.

नेदरलँड्समध्ये मारियन मिखिल्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत झटका येऊन बराच काळ लोटलेले ४० रुग्ण होते आणि बहुतेक सराव घरीच होता, सहा आठवडे. तुलनेच्या गटाने दोन्ही हातांचे तेच व्यायाम आरशाशिवाय, दोन्ही हात प्रत्यक्ष बघत केले. फ्यूगल-मायर मापनावर आरसा-गट सरासरी ३.६ गुणांनी पुढे होता. सहा महिन्यांनी तो फरक टिकला नव्हता.

फ्यूगल-मायर मापनात हातासाठी एकूण ६६ गुण असतात. रुग्णाला जाणवेल असा फरक साधारण पाच गुणांच्या आसपास धरतात. म्हणजे ३.६ गुण संख्याशास्त्रात दिसले तरी रोजच्या जगण्यात दिसतीलच असं नाही. निबंध वाचताना 'फरक आहे का' याच्या शेजारी 'फरक केवढा आहे' आणि 'किती दिवस टिकला' हे दोन रकाने कायम ठेवा.

आता माझी चूक. मी ज्याचा सारांश वाचला होता तो यावुझर यांचाच निबंध. पद्धतीच्या भागात लिहिलं होतं की दोन्ही गटांना नेहमीचं पुनर्वसन रोज दोन ते पाच तास मिळत होतं. आरशाची ३० मिनिटं त्याच्या वर होती. मी मामांना ती ३० मिनिटं सांगितली आणि खालचे दोन ते पाच तास गाळले. त्या निबंधाने 'फक्त आरसा' हा प्रश्न विचारलाच नव्हता, आणि मी त्याचं उत्तर देऊन आले होते.

'मिरर न्यूरॉन' आणि आरसा

परीक्षेत आणि सेमिनारमध्ये हमखास येणारं वाक्य म्हणजे 'मिरर थेरपी मिरर न्यूरॉनमुळे काम करते'. नावं सारखी आहेत म्हणून हे इतकं पटतं. मिरर न्यूरॉन इटलीतल्या पार्मा इथे रिझोलाती यांच्या गटाला माकडांच्या मेंदूत सापडले. माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी आणि दुसऱ्याला उचलताना बघितलं तरी त्या पेशी पेटतात.

पण आरशासमोर आपण दुसऱ्याला बघत नसतो. २०१५ मध्ये डेकोनिंक आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे फोटो आणि चुंबकीय उद्दीपन वापरलेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात मिरर न्यूरॉनच्या बाजूने फारसा पुरावा मिळाला नाही. मिळालं ते असं, की आरशामुळे लक्ष आणि कृतीवर नजर ठेवणारे भाग जास्त कामाला लागतात आणि न हलणाऱ्या हाताकडे जाणाऱ्या मोटर कॉर्टेक्सची उत्तेजनक्षमता वाढते. हे दुसरं निरीक्षण निरोगी माणसांत २००५ सालीच नोंदवलेलं होतं. तेव्हा प्रस्तावात यंत्रणा लिहिताना एवढंच लिहा जेवढं मोजलं गेलं आहे.

मनातला सराव

दुसरा उपचार तर आरशाशिवायचा. डोळे मिटून हालचाल मनात करायची, स्नायू न हलवता. याला मेंटल प्रॅक्टिस किंवा मोटर इमेजरी म्हणतात.

इथे एक फरक नीट समजून घ्या. 'मी स्ट्रॉबेरी तोडतोय' असं टीव्हीवर बघितल्यासारखं बाहेरून बघणं वेगळं, आणि आतून अनुभवणं वेगळं. आतून म्हणजे पानाखाली हात घातल्यावर लागणारा दवाचा गारवा, देठाला दोन बोटांत धरणं, मनगटाला हलका पीळ, फळ दबणार नाही एवढाच दाब. पुनर्वसनात बहुतेक वेळा हा आतला अनुभव अपेक्षित असतो.

हे नुसतं स्वप्नरंजन नाही, हे कशावरून? फ्रान्समध्ये जाँ देसेती आणि मार्क जानरो यांच्या कामातून दिसलं की एखादी हालचाल मनात करायला साधारण तेवढाच वेळ लागतो जेवढा प्रत्यक्षात लागतो. काम अवघड केलं की मनातला वेळही वाढतो. घरी करून बघा. दहा वाटाणे एकेक करून वाटीत टाकायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग डोळे मिटून तेच मनात करा आणि मोजा. १९९५ मध्ये पास्कुअल-लिओने यांच्या प्रयोगात लोकांनी पाच दिवस, रोज दोन तास, पाच बोटांचा पियानोचा सराव केला. ज्यांनी तो फक्त मनात केला त्यांच्याही मेंदूतला बोटांचा नकाशा बदलला. वाजवण्यात ते प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांच्या मागेच होते, पण काहीच न करणाऱ्यांच्या पुढे होते.

मात्र पक्षाघातात मेंदूलाच इजा झालेली असते. १९९६ मध्ये सिरिगू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॅरायटल भागाला इजा झालेल्या रुग्णांचा मनातला वेळ आणि प्रत्यक्षातला वेळ जुळत नाही. म्हणजे 'मनात करा' असं सांगितल्यावर प्रत्येकाला ते करता येईलच असं नाही. चाचणीत घेण्याआधी हे तपासावं लागतं. आणि सर्वात मोठी अडचण म्हणजे रुग्ण खरंच मनात सराव करतोय की डोळे मिटून उद्याच्या बाजारभावाचा विचार करतोय, हे बाहेरून दिसत नाही. आरशाच्या बाबतीत निदान हात हलताना दिसतो.

दोन चाचण्या, दोन उत्तरं

आता खरी गंमत. अमेरिकेत स्टीफन पेज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांना हाताची थेरपी सारखीच. थेरपीनंतर एका गटाला मनातल्या सरावाच्या ध्वनिफिती, दुसऱ्याला तेवढाच वेळ शरीर सैल सोडण्याच्या ध्वनिफिती. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. मनातला सराव करणाऱ्यांचे गुण स्पष्टपणे जास्त वाढले, फ्यूगल-मायरवर सरासरी ६.७ विरुद्ध १.

२०११ मध्ये ब्रिटनमधून मग्दालेना ईट्सवार्ट आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. १२१ रुग्ण, तीन गट: मनातला सराव, तेवढंच लक्ष मिळणारा दुसरा मानसिक व्यायाम, आणि नेहमीचे उपचार. चार आठवडे. तिन्ही गटांत फरक नाही.

पहिली प्रतिक्रिया असते, 'मग खरं कोणाचं?' जरा थांबून दोन्हींत काय वेगळं होतं ते बघा. पेज यांचे रुग्ण जुने होते, त्यांच्या मनगटात-बोटांत थोडी हालचाल आलेली होती, आणि ज्या कामाची थेरपी त्यांनी प्रत्यक्ष केली तेच काम ते नंतर मनात करत होते. ईट्सवार्ट यांचे रुग्ण झटक्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतले होते, आणि मनातला सराव प्रत्यक्ष थेरपीला जोडलेला नव्हता. तो एकटाच काय करतो हेच त्यांना बघायचं होतं.

म्हणजे एकाने विचारलं, 'प्रत्यक्ष सरावाच्या जोडीला मनातला सराव दिला तर?' दुसऱ्याने विचारलं, 'मनातला सराव एकटा दिला तर?' फिजिओथेरपिस्ट बाईंनी आमच्या ओसरीवर बसून सांगितलेलं तेच इथेही निघालं. अर्थात रुग्णांचा काळ आणि हालचालही वेगळी होती, म्हणून फरकाचं सगळं श्रेय एकाच कारणाला देऊ नका. पण असे दोन निबंध हाती आले की निष्कर्षांवरून भांडण्याआधी दोघांचे प्रश्न शब्दशः लिहून काढायची सवय लावा.

सगळं एकत्र केल्यावर

कॉक्रेन या संस्थेचे आढावे सगळ्या चाचण्या एकत्र करतात. मिरर थेरपीच्या २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यास आणि १,९८२ रुग्ण आहेत. हालचालीच्या कार्यक्षमतेवर परिणाम ०.४७ प्रमाण विचलन एवढा, म्हणजे मध्यम. रोजची कामं करण्यावरही साधारण तेवढाच. पुराव्याचा दर्जा मध्यम. मनातल्या सरावाच्या २०२० च्या आढाव्यात २५ अभ्यास आणि ६७६ रुग्ण आहेत, आणि इतर उपचारांच्या जोडीला दिल्यास हाताच्या कामात सुधारणा होण्याची बऱ्यापैकी शक्यता दिसते.

आता साधा भागाकार करा. १,९८२ भागिले ६२, म्हणजे एका अभ्यासात सरासरी ३२ रुग्ण. ६७६ भागिले २५, म्हणजे २७.

हे पुरेसे आहेत का? संख्याशास्त्रात एक ढोबळ सूत्र आहे. दोन गटांची तुलना, ८० टक्के पॉवर, ५ टक्के पातळी धरली तर प्रत्येक गटात लागणारे रुग्ण म्हणजे १६ भागिले परिणामाचा वर्ग. परिणाम ०.४७ असेल तर ०.४७ चा वर्ग साधारण ०.२२, आणि १६ भागिले ०.२२ म्हणजे ७३ च्या आसपास. दोन गट मिळून जवळपास १४५ रुग्ण. मध्येच सोडून जाणारे धरले तर आणखी.

हेच सूत्र उलटं लावा. ३२ रुग्ण म्हणजे गटात १६. तेवढ्या रुग्णांत खात्रीने पकडता येईल असा परिणाम म्हणजे १. सरासरीच्या दुपटीहून मोठा! मग लहान चाचण्यांत काय होतं? योगायोगाने फरक मोठा निघालेल्या छापून येतात आणि बाकीच्या बऱ्याचशा कपाटात राहतात. अशाने एकत्रित आकडाही थोडा फुगण्याची शक्यता असते. मास्टर्सच्या प्रबंधाला '३० रुग्ण घे, पुरे' असा सल्ला मिळतो तेव्हा हा हिशोब आठवा. मार्गदर्शकांशी वाद घालायला नको, पण प्रबंधाला 'प्राथमिक अभ्यास' म्हणायचं धाडस तरी करता येईल.

घाटाच्या वरचा प्रश्न

कृष्णा उगम पावते ती क्षेत्र महाबळेश्वरला, पण उपचार मिळतात ते तिच्या काठाने खाली खाली गेल्यावर: वाई, मग कऱ्हाड, पुढे सांगली, मिरज. कऱ्हाडला वैद्यकीय आणि फिजिओथेरपीचं शिक्षण आहे, मिरजेला तर एकोणिसाव्या शतकापासून मिशन हॉस्पिटलची परंपरा आहे. वरच्या वाड्यांतल्या माणसाला आठवड्यातून तीनदा घाट उतरणं परवडत नाही. पावसाळ्यात तर इथे साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दरड कोसळली की रस्ताच बंद.

हा प्रश्न फक्त आमच्या डोंगराचा नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं सर्वात मोठं कारण पक्षाघात निघालं, १४.३ टक्के. ग्रामीण भागात पक्षाघात म्हणजे शहरी आजार ही समजूत त्याने मोडली.

म्हणून घरी करता येणारे, स्वस्त उपचार आपल्याला मोहात पाडतात. त्याच मोहाची भारतात एक मोठी आणि प्रामाणिक परीक्षा झालेली आहे. 'अटेंड' नावाची चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. १४ केंद्रं, १,२५० रुग्ण. एका गटात नेहमीच्या उपचारांसोबत घरच्या माणसाला पुनर्वसन शिकवलं, दुसऱ्या गटात फक्त नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. काहीच फरक नाही.

मला हा निकाल वाचून वाईट वाटलं होतं, पण मामीकडे बघून तो समजला. आरसा काही शे रुपयांचा. पण सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास मामांशेजारी कोण बसणार? मामीच. आणि सकाळची वेळ म्हणजे तोडणीची. ऊन चढायच्या आत फळ तोडून डब्यांत भरलं नाही तर माल नरम पडतो. मामीचा तो तास भरायला मजूर लावावा लागला. कोणत्याही निबंधाच्या खर्चाच्या रकान्यात मला हा मजूर दिसला नाही.

शिवाय सरावाचं प्रमाण. २००९ मध्ये पुनर्वसन सत्रांचं निरीक्षण प्रसिद्ध झालं, कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांचं. हाताच्या कामाचा सराव ज्या सत्रांत झाला त्यांतही सरासरी ३२ वेळाच तो झाला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला शेकडो वेळा करावं लागतं. सुसज्ज केंद्रांत ही गत, तर घरी काय होत असेल? आरसा आणि मनातला सराव यांची खरी जागा मला इथे दिसते. ज्याला हात अजून पुरेसा हलवता येत नाही, किंवा हलवून थकलाय, त्याच्या सरावात भर घालण्याचं साधन म्हणून.

तुम्हाला विषय हवा असेल तर तो इथे पडलेला आहे. 'मिरर थेरपी चालते का' यावर त्रेसष्टावा लहान अभ्यास करू नका. विचारा, की दोन आठवड्यांतून एकदाच फिजिओथेरपिस्ट पोहोचेल अशा गावात नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला आरसा दिला तर प्रत्यक्षात किती मिनिटं वापरला जातो? कोणामुळे थांबतो? इतर व्यायाम वाढतात की, आमच्या घरी झालं तसं, कमी होतात? हे मोजायला एमआरआय लागत नाही. एक वही, नीट प्रश्नावली, गट माहीत नसलेला मोजणारा आणि चिकाटी लागते. चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी नैतिकता समितीची परवानगी आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदणी. मुख्य मोजमाप कोणतं ते आधी लिहून टाकायचं, म्हणजे नंतर सोयीचं निवडता येत नाही.

मामांचं काय झालं

मार्चनंतर क्रम बदलला. आधी खांदा आणि ताणण्याचे व्यायाम, मग दहा मिनिटं आरसा, मग खरं काम: डब्या डाव्या हाताने सरकवणं, टॉवेल पिळणं, पायजम्याची नाडी. रात्री झोपताना तीच नाडी मनात बांधायची. नाडी मामांनीच निवडली होती. "बाकीचं राहूदे, पण ती दुसऱ्याकडनं बांधून घ्यायला जिवावर येतं," म्हणाले.

जूनमध्ये, पाऊस लागायच्या सुमारास, मामांनी नाडी स्वतः बांधली. डावा हात फक्त एक टोक धरून ठेवत होता, पण धरून ठेवत होता. मामीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "तुझा आरसा लागू पडला गं."

मला 'हो' म्हणायचा फार मोह झाला. पण सहा महिने उलटले होते, आपोआप होणारी सुधारणा झाली होती, खांदा मोकळा झाला होता, रोजचा सराव वाढला होता, आणि मामांना ती नाडी बांधायचीच होती. यातलं किती आरशाचं हे एका मामांवरून सांगता येत नाही, आमच्या घरात तुलनेला दुसरे मामा नव्हते. मी म्हणाले, "मामी, आरसा जोडीला होता. बाकीचं तुम्ही दोघांनी केलंत."

मग मी त्यांना विचारलं, व्यायाम अजून चालू आहेत ना? त्या म्हणाल्या, "व्हय, खांद्याचे पण."